तरवड, तरोटा आणि मोबाईलचे उत्तर

सर्वपित्री अमावास्या जवळ आली की हैदराबादच्या फुलबाजारात झेंडू-शेवंतीच्या ढिगांशेजारी दोन अशी फुले येऊन पडतात, ज्यांना आपल्याकडे कुणी फूल म्हणून पैसे मोजत नाही. एक पांढरट-गुलाबी तुऱ्याचे, दुसरे पिवळेजर्द. गुडिमल्कापूरच्या बाजारात आणि सिकंदराबादच्या मोंडा मार्केटच्या आसपास खेड्यांतून आलेल्या बायका त्यांचे भारे सोडून बसतात आणि शहरातल्या बायका घासाघीस करून ते घेऊन जातात. पहिल्याचे नाव गुनुगु, दुसऱ्याचे तंगेडु. नऊ दिवसांच्या बतुकम्मा सणात याच फुलांचे गोल थर एकावर एक रचायचे आणि त्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. आपल्या भोंडल्याची, भुलाबाईची ही तेलुगू मावसबहीणच म्हणा ना!

देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीरकडून मुलाकडे चार महिने राहायला गेलेली एखादी आजी हा बाजार पाहते तेव्हा तिला हसू येते. 'अगं बाई, हा तर कुर्डू! आणि हा तरवड. आपल्या बांधावर उगवतो, त्याला काय विकत घ्यायचं?' तोपर्यंत नातवाने खिशातून मोबाईल काढून तुऱ्यावर धरलेला असतो. पडद्यावर उत्तर येते, सिलोसिया अर्जेंटिया. पिवळ्या फुलावर धरला की येते, सेना ऑरिक्युलाटा. आजी बरोबर, बाजारवाली बरोबर आणि मोबाईलही बरोबर. नावे तीन, झाड एकच.

हैदराबाद आपल्याला परके कधीच नव्हते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याची राजधानीच ती. काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा या भागांत मराठी घरे पिढ्यान्पिढ्या नांदली, विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था तिथल्या मराठी मंडळींनी उभी केली. आताची पिढी मात्र गचीबावली, कोंडापूर, मियापूरच्या उंच इमारतींत राहते. संगणकाच्या नोकऱ्या, इंग्रजी माध्यमातली मुले आणि सुट्टीच्या दिवशी पाय मोकळे करायला बंजारा हिल्स-जुबिली हिल्सच्या मधले केबीआर उद्यान, नाहीतर गाडी काढून विकाराबादजवळचे अनंतगिरीचे डोंगर. पावसाळ्यात तिथे सगळे हिरवेगार झाले की हातातला मोबाईल आपोआप झाडाझुडपांकडे वळतो. हे कोणते झाड? ही भाजी खातात का? ही अळंबी चालेल का?

पहिल्या प्रश्नाला मोबाईल बऱ्यापैकी उत्तर देतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला त्याच्या भरवशावर राहायचे नाही, आणि का राहायचे नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

फोटोवरून नाव कसे कळते?

झाडे ओळखणारी ॲप बरीच आहेत. आयनॅचरलिस्ट हे २००८ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झाले. त्याच मंडळींचे सीक हे मुलांसाठीचे सोपे ॲप आहे, त्याला खाते उघडावे लागत नाही. प्लांटनेट फ्रान्समधल्या संशोधन संस्थांचे, मोबाईलवर आले ते २०१३ मध्ये. गूगल लेन्स २०१७ पासून आहे आणि बहुतेकांच्या फोनमध्ये न मागता येऊन बसलेले असते.

सगळ्यांचे काम साधारण एकाच रीतीने चालते. लहान मुलाला आपण गाय दाखवतो, म्हैस दाखवतो. शंभरदा पाहिल्यावर ते आपोआप ओळखू लागते, पण का ओळखले ते सांगू शकत नाही. तसेच या यंत्राला नाव लिहिलेले लाखो फोटो दाखवलेले असतात. आपला फोटो त्यातल्या कुणासारखा जास्त दिसतो, एवढेच ते सांगते. म्हणजे ते उत्तर नसून अंदाज असतो. खाली दुसरे, तिसरे, चौथे नावही दिलेले असते, पण आपण पहिले नाव वाचतो आणि फोन खिशात टाकतो. तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते.

यांच्यात एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. लेन्स फक्त चित्राला चित्र जुळवते. प्लांटनेट तुम्हाला विचारते की हा फोटो पानाचा, फुलाचा, फळाचा की सालीचा? आयनॅचरलिस्टवर टाकलेला फोटो माणसे तपासतात. जगात कुठेतरी बसलेला वनस्पतींचा जाणकार तुमचा फोटो पाहून 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. मला विचाराल तर या तिसऱ्या प्रकारात अर्थ जास्त आहे. घाई असलेल्यांना ते पटणार नाही.

एका भाजीची तीन नावे

सीमेवरच्या घरांना या ॲपचा खरा उपयोग वेगळाच आहे. ते शास्त्रीय नाव देते आणि ते नाव दोन भाषांमधल्या दुभाष्याचे काम करते. हैदराबादच्या भाजीवालीकडे गंगवायिलि नावाची एक बुटकी, जाडसर पानांची भाजी असते. जुन्या शहरात तिलाच कुल्फा म्हणतात. नवी सून बिचारी नाव ऐकूनच पुढे जाते. पोर्चुलाका हे नाव एकदा कळले की उलगडा होतो, ही तर आपली घोळ! डाळ घालून करतो तीच. चेंचलि म्हणजे कुंजर. गणेश चतुर्थीला तेलंगणात घरोघर शिजते ती तुम्मी म्हणजे आपला तुंबा, पांढऱ्या फुलांचा. अंबाडी काही रानभाजी नव्हे, पण तिची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. तेलुगू माणूस तिला गोंगूरा म्हणतो आणि शेजारचा दखनी बोलणारा अंबाडा. आपला शब्द त्याच्या तोंडात आणि भाजी तिघांच्याही ताटात.

नावांची अशी अदलाबदल कधी कधी हसवतेही. ज्या गाजरगवताने आपल्या पडीक जमिनी गिळल्या, माणसांना खरूज-दमा दिला, त्या काँग्रेस गवताला तेलुगूत वय्यारिभामा म्हणतात. म्हणजे नखरेल तरुणी! वाऱ्यावर डोलताना ते पाहिले की नाव ठेवणाऱ्याची नजर कळते, पण राग काही जात नाही. आपल्या देशात त्याची नोंद पहिल्यांदा झाली ती पुण्यात, १९५० च्या दशकात.

गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात हत्तियान का झाड नावाचा एक अवाढव्य वृक्ष आहे. चारशे वर्षांहून जुना मानतात. आफ्रिकेकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी कुतुबशाहीत तो आणला अशी समजूत आहे. त्याचे मराठी नाव गोरखचिंच. पावसाळ्यात हाताच्या पंजासारखी पाने असताना मोबाईल त्याला चटकन ओळखतो. उन्हाळ्यात तोच वृक्ष निष्पर्ण होतो आणि मग नुसत्या राखाडी खोडाचा फोटो काढला तर मोबाईल काहीही सांगू शकतो. झाड तेच, जागा तीच, फोनही तोच. फक्त पाने नाहीत. हे उदाहरण मुलांना मुद्दाम करून दाखवावे, पुन्हा वेगळे समजवावे लागत नाही.

एका घरातल्या तीन बहिणी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बतुकम्मेतला तंगेडु, म्हणजे तरवड, याचे कूळ सेना. नाव ऐकून दचकू नका. पोट साफ करायला जुनी माणसे सोनामुखी घेत, ती या कुळातली. तरवडाला तेलंगणाने २०१४ मध्ये राज्यफुलाचा मान दिला. आपल्याकडे माळावर, रस्त्याकडेला तो नवरात्रात पिवळा होऊन उभा असतो आणि कातडी कमावायला त्याची साल पूर्वी फार वापरत.

याच कुळातली दुसरी बहीण तरोटा, कोकणात जिला टाकळा म्हणतात. पहिल्या पावसात उकिरड्यावर, पांदीला, शेताच्या धुऱ्यावर त्याचे कोंब येतात. कोवळी पाने खुडून, कांदा-लसूण घालून केलेली तरोट्याची भाजी मराठवाड्यात आणि विदर्भात आवडीने खातात. गरिबाघरी तर तो आषाढ-श्रावणाचा आधार.

तिसरी बहीण कासविंदा. तेलुगूतही जवळपास तेच नाव, कसिंद. आयुर्वेदात ती कासमर्द या नावाने औषधात आहे. दिसायला तरोट्यासारखी, उगवायची जागा तीच, फूलही पिवळेच. काही लोक तिला रानटाकळाच म्हणतात, त्यामुळे नावातही गोंधळ. आणि तिच्या बिया लहान मुलांच्या पोटात गेल्या तर काय होते, ते आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक वर्षे हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुले एकाएकी आजारी पडत. उलट्या, झटके, बेशुद्धी आणि दोन-चार दिवसांत शेवट. सगळे मेंदूज्वर समजत होते. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी खेड्यांत जाऊन मुले काय खातात ते शोधले. २००७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मांडले की हा विषाणू नसून कासविंद्याच्या शेंगांची विषबाधा आहे. खेळता खेळता मुले हिरव्या शेंगा सोलून बिया खात होती. त्याने यकृत, स्नायू आणि मेंदू एकाच वेळी बिघडत होते. पुढे २०१६ मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात शंभराच्या आसपास मुले दगावली. काहींना जपानी मेंदूज्वर होता, पण पुष्कळांच्या बाबतीत तपासाचा काटा पुन्हा कासविंद्यावरच येऊन थांबला.

आता मोबाईल या दोघींपुढे धरा. कोवळी रोपे असतील, फूल नसेल, तर तो 'सेना' एवढे कूळ बरोबर सांगेल आणि जातीत गफलत करील. यंत्राच्या हिशेबाने ही चूक अगदी किरकोळ, जवळजवळ बरोबरच उत्तर. स्वयंपाकघराच्या हिशेबाने ती किरकोळ नाही. तरोट्याच्या दोन जातींत शास्त्रज्ञांचेही मतभेद आहेत, ते सोडा, तो आपला प्रश्न नव्हे. तरोटा की कासविंदा, हा आपला प्रश्न.

त्याचे उत्तर डोळ्यांनी मिळते, फक्त कुठे पाहायचे ते ठाऊक हवे. तरोट्याच्या एका पानाला पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात आणि पर्णिका टोकाला गोलसर. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि प्रत्येक पर्णिका टोकदार. तरोट्याच्या खालच्या पर्णिकांच्या मधोमध नारिंगीसर काडीसारखी बारीक ग्रंथी असते. कासविंद्याची ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, फुगीर भागाजवळ. कासविंद्याची पाने चुरगाळली तर उग्र घाण वास येतो. तरोट्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकडी. कासविंद्याची चपटी आणि कडेला फिक्या रेघेची. तरवडाला मात्र आठ-दहा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीत ग्रंथी, त्याची ओळख पटायला त्रास नाही.

औरंगाबादचे डॉ. व्ही. एन. नाईक यांनी 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये सिद्ध केला. अशा ग्रंथात झाड ओळखायचे म्हणजे एकामागून एक प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. पान साधे की संयुक्त? ग्रंथी कुठे? शेंग चपटी की गोल? मोबाईल असे काही विचारत नाही. तो फोटोत जे आले तेवढेच पाहतो. ग्रंथीचा फोटो तुम्ही काढलाच नसेल तर त्याला ती दिसणार कशी? म्हणून फोटो एक नको, चार हवेत. पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाचा देठ अगदी जवळून, आणि फूल किंवा शेंग. एवढे केले तरी वास राहतोच. चीक राहतोच. घोळीसारखीच जमिनीला चिकटून पसरणारी एक दुधी असते. काडी मोडली की पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, हे आजी बोटाने ठरवते. मोबाईल काडी मोडत नाही.

दसऱ्याच्या बाबतीतही असेच होते. तेलंगणात आपट्याऐवजी जम्मीची, म्हणजे शमीची पाने सोने म्हणून वाटतात आणि शमी हा तिथला राज्यवृक्ष आहे. शहरात ती सहज मिळत नाही. मिळते ती वेडी बाभूळ, जिला तेलुगूत सरकार तुम्मा म्हणतात. दोघींची पाने दुरून सारखी. ॲपवर शास्त्रीय नाव पाहायला जाल तर आणखी गोंधळ, कारण वेड्या बाभळीचे कूळ अलीकडे बदलून नेल्टुमा केले आहे आणि काही ठिकाणी जुने प्रोसोपिस तसेच आहे. काटे पाहा. वेड्या बाभळीचे काटे पानांच्या बेचक्यात जोडीजोडीने येतात, शमीचे लहान काटे फांदीवर कुठेही विखुरलेले. इथे चूक झाली तर फार तर चुकीचे सोने लुटले जाईल, कुणाच्या जिवावर बेतणार नाही.

अळंबीला मोबाईल चालत नाही

पावसाळी अळंबीला तेलुगूत पुट्टगोडुगु म्हणतात. पुट्ट म्हणजे वारूळ, गोडुगु म्हणजे छत्री. वारुळावरची छत्री! नाव ठेवणाऱ्याने शास्त्रच सांगून टाकले आहे. वाळवी वारुळात ज्या बुरशीची बाग लावते, तिचीच ही फळे. विदर्भात त्यांना सात्या म्हणतात, गोव्यात अळमी. दांडा खाली खोल मुळासारखा वारुळापर्यंत गेलेला असतो. जंगलाकाठची माणसे ती जागा पिढ्यान्पिढ्या ओळखून असतात.

पण सोसायटीच्या लॉनवर पावसानंतर उगवणारी मोठी पांढरी छत्री ही वेगळी वस्तू आहे. उष्ण प्रदेशातल्या हिरवळींवर सर्रास येणारी एक विषारी जात अशीच देखणी दिसते. कोवळी असताना खालच्या पट्ट्या पांढऱ्या असतात, जून झाल्या की हिरवट होतात. टोपी कापून रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली तर सकाळी हिरवट भुकटीचा ठसा दिसतो. वरून काढलेल्या फोटोत यातले काहीही येत नाही. अमानिटा गटातल्या जिवघेण्या जातींची खूण तर मातीत असते, दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण. ती उकरून काढल्याशिवाय दिसतच नाही.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०२०-२१ मध्ये जमवलेल्या ७८ अळंब्यांच्या फोटोंवर तीन ॲपची परीक्षा घेतली गेली. सर्वांत हुशार ठरलेल्या ॲपला जवळपास निम्म्या ओळखता आल्या, बाकीच्या दोघांना एक-तृतीयांशाच्या आसपास. शाळेत एवढे गुण मिळाले तर पोरगा काठावर पास होईल. जेवणाच्या ताटात काठावर पास चालत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ माणसे दगावली, बहुतेक चहामळ्यांच्या भागातली. या विषाचा कावा असा की खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. नंतर एखादा दिवस बरे वाटते आणि घरची माणसे निर्धास्त होतात. त्या वेळात यकृत निकामी होत असते. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्ली असेल तर चांगली, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. शिजवूनही हे विष जात नाही. शंका आली तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढत बसू नये. उरलेली अळंबी, ती उगवली त्या जागेचा फोटो आणि खाल्ल्याची वेळ घेऊन सरळ मोठे रुग्णालय गाठावे. १०८ ची रुग्णवाहिका सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. ती सेवा मुळात सुरूच झाली हैदराबादेत, २००५ साली.

पालेभाजीलाही हाच धोका थोड्या प्रमाणात असतो. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात पालकाच्या पाकिटांत धोतऱ्याची कोवळी पाने मिसळली आणि दीडशेहून अधिक माणसांना भास, धडधड, अंधारी असा त्रास झाला. तिथे तर यंत्राने पेरलेले, यंत्राने कापलेले शेत होते!

फूल येण्याआधी

हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याने निघालात की झहीराबाद लागते. उदगीर-बिदरकडून येणाऱ्यांना ते गाव परिचयाचे. त्याजवळच्या पस्तापूरला १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. तिच्या संघमांमधल्या बहुतेक बायका दलित, कोरडवाहू तुकड्यांवर ज्वारी, तूर, भादली अशी पिके मिसळून घेणाऱ्या. २०१९ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २००८ पासून मचनूर गावात त्यांचा स्वतःचा रेडिओही आहे. या बायकांनी जगाला पटवून दिले की शेतात न पेरता उगवणारी प्रत्येक गोष्ट तण नसते. पिकात आपोआप येणाऱ्या कितीतरी भाज्या त्या नावानिशी ओळखतात, कोणती कधी खुडायची आणि कोणती बाळंतिणीला द्यायची हेही सांगतात.

त्यांच्या ज्ञानाशी मोबाईलची तुलना केली की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. मोबाईलला झाड ओळखायला फूल लागते. भाजीला लागतो तो फूल येण्याआधीचा कोंब. कुर्डूला तुरा आला की मोबाईल छातीठोकपणे नाव सांगतो, पण तोवर पाने निबर झालेली असतात आणि भाजीचे दिवस गेलेले असतात. ज्या पंधरा दिवसांत भाजी खायची, त्याच पंधरा दिवसांत यंत्र चाचपडते आणि बाईची बोटे मात्र सरसर खुडत जातात.

यावर उपाय आहे आणि तो घरातच आहे. आजी गावाकडे असताना आषाढात तिने ओळखलेल्या कोंबाचा फोटो काढायचा. झाड उपटायचे नाही, तिथे खूण करून ठेवायची. भाद्रपदात फूल आले की त्याच झाडाचा पुन्हा फोटो. आता ॲप जे नाव देईल ते आजीच्या नावाशी ताडून वहीत लिहायचे: मराठी, तेलुगू, शास्त्रीय. दोन पावसाळ्यांत तीस-चाळीस झाडांची वही होते. अशी वही विकत मिळत नाही. सोयाबीनमध्ये तणनाशक फवारायला लागल्यापासून बांधावरच्या रानभाज्या विरळ झाल्या. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव गेल्या काही वर्षांपासून ऑगस्टात भरतात खरे, पण तिथे बुट्टीत दिसणारी भाजी बांधावर ओळखणारे हात कमी होत चालले आहेत.

आणखी एक गोष्ट मोबाईल सांगत नाही, ती म्हणजे झाड कुठे उभे आहे. मुसीच्या सांडपाण्यावर वाढलेली घोळही घोळच, फवारलेल्या धुऱ्यावरचा तरोटाही तरोटाच. नाव शंभर टक्के बरोबर निघाले तरी ते खाण्याजोगे ठरत नाही. केबीआर तर राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे फोटो काढावा, पान तोडू नये.

मुलांना ॲप देताना एक पथ्य पाळावे. आयनॅचरलिस्टवर फोटोसोबत जागा आणि तारीख नोंदवली जाते. घराच्या अंगणातले झाड टाकायचे असेल तर जागा धूसर करण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी. बाकी ठिकाणची नोंद मात्र उघडी ठेवावी, कारण तिला पुढे मोल येते. मार्च २०२५ अखेरीस गचीबावलीतल्या हैदराबाद विद्यापीठाशेजारच्या चारशे एकरांवर बुलडोझर चालले, विद्यार्थी रस्त्यावर आले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तिथली झाडतोड थांबवली. त्या वादात तिथल्या झाडांच्या, पक्ष्यांच्या याद्या सगळ्यांच्या तोंडी होत्या. अशा याद्या एका दिवसात तयार होत नाहीत. कुणीतरी सकाळी फिरायला जाऊन एकेक नोंद केलेली असते.

आणि नोंद केली म्हणजे काम संपले असेही नसते. कधी चार दिवसांनी, कधी दोन वर्षांनी फोनवर सूचना येते. कुणी अनोळखी माणसाने आपल्या जुन्या फोटोखाली लिहिलेले असते: हा तरोटा नाही, देठाच्या बुडाशी ग्रंथी दिसते आहे, कासविंदा असावा. तेव्हा फोटो मोठा करून पाहावा. ग्रंथी खरोखरच तिथे असते.